अडीच किलोची बाळं

अमरावतीच्या एका सरकारी आरोग्य कार्यालयात मी सात वर्षं कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर होते. मूळची मी अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. वडील शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे आकड्यांची भीती आमच्या घरात कोणालाच नव्हती. अमरावतीत आणखी एका मुलीबरोबर खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी काम आटोपलं की अकोल्याची गाडी धरायचे.

काम सोपं होतं. खेड्यापाड्यात चार-पाच गावांमागे एक उपकेंद्र असतं. एक-दोन खोल्या, एक खाट, औषधांचं कपाट, बाळाचं वजन करायचा काटा आणि एक नर्स. नर्सला सगळे सिस्टरच म्हणतात. ज्या गावांत मोबाइलची रेंज नीट नाही, तिथल्या सिस्टर दर सोमवारी कागद पाठवायच्या आणि ते कागद मी कम्प्युटरवर चढवायचे. जन्मलेलं प्रत्येक बाळ म्हणजे एक ओळ. आईचं नाव, गाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, वजन. वजनाचा रकाना रिकामा ठेवता यायचा नाही. रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडायचं नाही. आणि अडीच किलोच्या खालचा आकडा टाकला की ती सगळी ओळ लाल व्हायची.

लाल ओळींची यादी मंगळवारी आपोआप तयार होऊन परत उपकेंद्रांत जायची. त्या यादीतल्या बाळांच्या घरी जास्तीच्या भेटी द्यायच्या, हा नियम. ज्या भागात लाल ओळी जास्त, तिथे महिन्यातून एकदा बालरोगतज्ज्ञांची गाडी जायची. औषधं, टोप्या, गरम कपडे, सगळं त्या यादीवरून. नवीन असताना मला याचं फार अप्रूप होतं. मी अमरावतीत पंख्याखाली बसून एक आकडा दाबते आणि साठ किलोमीटरवर कोणाच्या तरी दारात डॉक्टर उतरतो. घरी गेले की वडिलांना मी हेच सांगायचे. ते म्हणायचे, "मग बोटं सांभाळून चालव."

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या सिस्टरशी माझं फोनवर बरंच बोलणं व्हायचं. पन्नाशी उलटलेली, शेतकऱ्याच्या घरातली बाई. तीस वर्षं त्याच भागात बाळंतपणं केलेली. अक्षर बारीक आणि इतकं दाबून लिहिलेलं, की कागदाच्या मागून हात फिरवला तर कळायचं. एखादा आकडा मला लागला नाही की मी फोन करायचे.

"सिस्टर, हे दोन किलो तीनशे चाळीस आहे की तीनशे सत्तर?"

"चाळीस. चष्मा लावा वो मॅडम, आता वय झालं तुमचं," असं म्हणून त्या हसायच्या. माझं वय तेव्हा एकोणतीस होतं.

त्यांचे आकडे असेच असायचे. दोन तीनशे चाळीस, एक नऊशे ऐंशी, दोन सहाशे दहा, दोन एकशे तीस. वेडेवाकडे. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. पुढे चारेक वर्षांनी एकदा नेट बंद पडलं म्हणून मी नुसतीच जुनी पानं चाळत बसले होते, तेव्हा मला दिसलं की बाकीच्या कितीतरी उपकेंद्रांचे आकडे तसे नाहीत. तिथे अडीच, अडीच, दोन सहाशे, अडीच, दोन सहाशे, अडीच, अशी रांग लागली होती. महिन्यामागून महिने. एका उपकेंद्रात तर अख्ख्या पावसाळ्यात जन्मलेलं प्रत्येक बाळ बरोबर अडीच किलोचं होतं.

त्या शनिवारी मी वडिलांना हे सांगितलं. एखादं कोडं सुटल्यासारखा आनंद झाला होता मला. ते अंगणात दाढी करत बसले होते.

"वर्गात चाळीस पोरांची उत्तरं सारखी आली तर मी काय समजतो?" त्यांनी विचारलं.

"एकमेकांचं बघून लिहिलं."

"आणि उत्तर बरोबर असेल तरी?"

"तरी."

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार? मी ऑपरेटर आहे. आलेलं भरायचं."

ते आरशात बघून उरलेला गाल नीट खरवडत राहिले. मला तो विषय काढल्याचाच पश्चात्ताप झाला.

त्याच हिवाळ्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्याची आढावा बैठक होती. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मला सगळ्या उपकेंद्रांचा तक्ता करायला सांगितला. चांगली कामगिरी हिरव्या रंगात, वाईट लाल रंगात. साहेब वाईट माणूस नव्हते. वेळेवर यायचे, कोणाला अरे-तुरे करायचे नाहीत. त्यांनाही वरच्या बैठकीत असाच एक तक्ता दाखवायचा असायचा. मी तक्ता केला. सगळा तालुका हिरवा आणि मधे एकच लाल पट्टी. ती पट्टी आमच्या सिस्टरच्या उपकेंद्राची होती.

सभागृहात साठ-सत्तर बायका बसल्या होत्या. मी पुढे लॅपटॉपपाशी. तो तक्ता पडद्यावर आला तशी साहेबांनी सिस्टरला उभं केलं. फोनवर इतकी वर्षं बोलून त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बुटक्या, सावळ्या, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेला.

"सिस्टर, तुमच्याकडेच एवढी कमी वजनाची बाळं का?"

"साहेब, मी काट्यावर ठेवतो, जे येते ते लिवतो."

"म्हणजे बाकीच्या लिहीत नाहीत?"

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मागे त्यांच्या बरोबरीच्या बायका बसल्या होत्या. कोणी एकत्र ट्रेनिंग केलेलं, कोणाच्या लेकीच्या लग्नात या राबलेल्या.

"तसं मी कुठं म्हणून राहिली," त्या म्हणाल्या.

"शेजारच्या उपकेंद्रात तीच जमीन, तेच पाणी, तीच माणसं. तिथे एकही लाल नाही. तुम्ही गरोदर बायकांकडे लक्ष देत नाही, असाच याचा अर्थ होतो ना?"

मला सगळं माहीत होतं. शेजारच्या उपकेंद्राची अडीच-अडीचची रांग माझ्याच कम्प्युटरमध्ये होती, दोन मिनिटांत पडद्यावर आणता आली असती. पण माझा करार मार्चमध्ये संपत होता आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्याच साहेबांच्या शेऱ्यावर होतं. हे कारण मी नंतर स्वतःला दिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी काहीच विचार केला नाही. साहेबांनी "पुढचं" म्हटलं आणि मी बटण दाबून पुढचा तक्ता आणला.

सिस्टरला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती मीच टाइप केली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. एरवी मी करायचे, यावेळी त्यांनी केला.

"मॅडम, खुलासा मागतला हाये. काय लिहू, तुमीच सांगा. मले पेन्शनीले तीन वर्षं राह्यले. आतापर्यंत एक कागद नाई माह्या नावावर."

मला त्यांची दया आली. ती खरीच होती. आणि मी म्हणाले, "सिस्टर, खुलासा साधा लिहा, यापुढे सुधारणा करू म्हणून. आणि सगळ्या लिहितात तसं लिहा ना. तुम्हीच कशाला दरवेळी ऐकून घेता?"

"सगळ्या लिवतात तसं म्हंजे?"

"तुम्हाला माहीत आहे सिस्टर."

त्या म्हणाल्या, "हाव. बरं," आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी त्यांचा कागद आला. अडीच, दोन सहाशे, अडीच. मी ते तीन आकडे चढवले. एकही ओळ लाल झाली नाही. मला हलकं वाटल्याचं आठवतं. त्या महिन्यात सगळा तालुका हिरवा झाला, साहेब वरच्या बैठकीतून खूश होऊन आले आणि त्यांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. दोन-तीन महिन्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या गाडीचा मार्ग नव्यानं ठरला. यादीत लाल ओळीच नसल्यामुळे नांदगावकडची फेरी बंद होऊन ती गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली. तो निर्णय कोणीच घेतला नव्हता. यादी छापली आणि सही झाली.

सिस्टरनं कागदावर काहीही लिहिलं तरी काम सोडलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या प्रत्येक बाळ काट्यावर ठेवायच्याच. खरा आकडा घरच्या एका छोट्या डायरीत पेन्सिलीनं टिपायच्या आणि त्या डायरीवरून आपल्या आपण घरोघर फिरायच्या. म्हणजे खरी यादी त्यांच्या पिशवीत होती आणि खोटी यादी सरकारकडे. त्या फिरत होत्या तोवर काही बिघडलं नाही.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या उपकेंद्रात एक मुलगा जन्मला. पहिलटकरीण होती, वीस-एकवीस वर्षांची. कागदावर वजन आलं अडीच किलो. मी ते चढवलं. त्या ओळीवर माझी बोटं चार-पाच सेकंद तरी थांबली असतील का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. नसतील थांबली.

बाळ तीन दिवसांचं असताना सिस्टर त्याच्या घरी जाऊन आल्या. आईला म्हणाल्या, लेकरू बारीक आहे, छातीशी धरून ठेव, टोपी काढू नको, दोन-दोन तासांनी पाज. सहाव्या दिवशी शेतरस्त्यावर त्यांची स्कूटी घसरली आणि पायाचं हाड मोडलं. प्लास्टर लागलं, महिनाभर घरी बसायचं झालं. त्यांच्या जागी शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरला जास्तीचा भार दिला. तिच्याकडे आधीच स्वतःची पाच गावं होती. घरोघर फिरणारी त्या गावातली आशाताई स्वतःच बाळंतपणाला माहेरी गेलेली.

आमच्या सिस्टरनं खाटेवरून त्या शेजारच्या सिस्टरला फोन केला, "त्या घरी जाऊन ये बापा, लेकरू कमी वजनाचं हाये."

ती म्हणाली, "ताई, लिस्टीत तर नाई ते नाव. लिस्टीत तुमच्याकडचं कोनीच नाई. कोनतं गाव म्हणता?"

त्यांनी गाव सांगितलं, घर सांगितलं. ती म्हणाली, "उद्या-परवा जातो." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हातात लसीकरणाच्या आणि गरोदर बायकांच्या याद्या होत्या, त्यांतल्या घरी ती आधी गेली, एवढंच. त्या आठवड्यात थंडी फार पडली होती.

एकोणीस दिवसांचं होऊन ते बाळ गेलं.

मला ते एका फॉर्मवरून कळलं. बालमृत्यूचा फॉर्म वेगळा असतो. मी आईचं नाव टाकलं तशी जुनी ओळ आपोआप उघडली. मुलगा, अडीच किलो, सर्वसाधारण. खाली मृत्यूचं कारण निवडायचं होतं. 'कमी वजन' हा पर्याय कम्प्युटर घेईना. वजन सर्वसाधारण असल्यामुळे तो पर्याय लागू नाही, असं सांगत होता. कारण विचारायला म्हणून मी सिस्टरला फोन केला. त्यांचा पाय मोडल्याचंही मला माहीत नव्हतं.

"काय निवडू सिस्टर? न्यूमोनिया टाकू का?"

"त्याचं वजन अडीच नोतं मॅडम. एक किलो नऊशे होतं."

"मग तुम्ही अडीच..."

वाक्य मी अर्धंच सोडलं. माझ्यासमोर तो फॉर्म उघडाच होता. शेवटी मी 'इतर' निवडलं, कारण त्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

त्या रविवारी मी अकोल्याला गेले नाही. सकाळच्या एसटीनं नांदगाव खंडेश्वरला गेले. सिस्टर तालुक्याच्याच गावी राहायच्या. घर शोधून काढलं तेव्हा त्या दारात प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी का आले, हे त्यांनी विचारलं नाही. चहा झाल्यावर मी म्हणाले, "मला त्या घरी जायचंय." त्यांनी शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली, काठी घेतली आणि माझ्याबरोबर निघाल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुमी एकट्या काय सांगान तिले?"

घर दोन खोल्यांचं होतं. समोरच्या ओट्यावर कापसाची गाठोडी. सासूनं आम्हाला सतरंजी टाकून दिली, पाणी दिलं. ती पोर आतून आली आणि भिंतीला टेकून बसली. अंगात स्वेटर, डोक्याला बाळंतिणीसारखा बांधलेला रुमाल अजून तसाच. सिस्टरनं माझी ओळख करून दिली, "या अमरावतीच्या ऑफिसातल्या मॅडम. आपले कागद यायच्याकडे जातात."

"कम्प्युटरवाल्या?" तिनं विचारलं.

"हाव."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माह्या लेकराचं वजन किती लिवलं हाये त्याच्यात?"

मी सांगितलं, "अडीच किलो."

"सिस्टरनं तर मले बारीक हाये म्हणून सांगतलं होतं. जप म्हणून सांगतलं होतं. मी जपलंही." तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मंग बारीक असन तर डाक्टर येते ना? माह्या नणंदेच्या पोरीच्या टायमाले गाडी आली होती. माह्या टायमाले कोनी काहून नाई आलं?"

सिस्टरनं काठी बाजूला ठेवली. "मी चुकीचं लिवलं होतं माय," त्या म्हणाल्या. "माह्याकडून चुकलं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सासू म्हणाली, "जाऊ द्या बाई, त्याचं तेवढंच आयुष्य होतं." त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तसं लिहायला मी सांगितलं होतं, फोनवर, माझ्या तोंडानं. त्या खोलीत ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि सिस्टर ते सांगणार नव्हत्या. मीही सांगितलं नाही. सतरंजीच्या कडेचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसले.

आम्ही निघालो तेव्हा ती ओट्यापर्यंत आली आणि मला म्हणाली, "मॅडम, त्याच्यात त्याचं नाव टाकता येते का? बारसं झालं नोतं. पन आमी ठरवून ठेवलं होतं."

तिनं नाव सांगितलं. मी ते पर्समधल्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. इथे ते लिहीत नाही, ते तिचं आहे. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी ती ओळ उघडली. मृत्यूची नोंद झाल्यावर नावाचा रकाना बंद होतो, हे मला तेव्हा कळलं. दोन-तीन प्रकारे करून पाहिलं, जमलं नाही. खाली 'शेरा' म्हणून एक रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात मी ते नाव टाकलं. तिथे ते बसलं.

त्याच आठवड्यात मी सगळ्या उपकेंद्रांचे दोन वर्षांचे आकडे काढले. कुठे किती बाळं बरोबर अडीच किलोची आणि किती बरोबर दोन सहाशेची, ते शेजारी मांडलं. सिस्टरची पेन्सिलीची डायरी मी येताना मागून आणली होती. त्यांच्या खऱ्या आकड्यांसमोर कागदावरचे आकडे लिहिले. सगळं साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते पूर्ण वाचलं. मधे एकदा चष्मा पुसला. मग विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दीड वर्ष होत आलं साहेब."

"म्हणजे त्या बैठकीत तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मी त्यांना उभं केलं तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात."

"हो साहेब. आणि त्यांना खोटं लिहायलाही मीच सांगितलं."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. कागदांवर हात ठेवून ते म्हणाले, "तो तक्ता माझ्यासमोरही होता. एवढा हिरवा तालुका बघून मलाच विचारता आलं असतं." मग त्यांनी शिपायाला बोलावून सगळ्या उपकेंद्रांचे काटे तपासायचा आदेश काढायला सांगितला.

काटे तपासले तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी ते चालतच नव्हते. कुठे स्प्रिंग ढिली पडलेली, कुठे काचेमागचा काटा गंजून एका जागी चिकटलेला. एका उपकेंद्रात काटाच नव्हता, नुसता हूक होता. आणि नवीन काटा मिळावा म्हणून त्या सगळ्या सिस्टरनी केलेले अर्ज आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका कपाटात, दोऱ्यानं बांधून ठेवलेले होते. मी त्यांना मनात लबाड म्हणत आले होते. त्यांच्याकडे काटा नव्हता, आणि माझा रकाना रिकामा चालत नव्हता.

नवीन काटे आले. पहिल्या महिन्यात सगळा तालुका लाल झाला. साहेबांना वर बोलावलं गेलं, एका महिन्यात एवढी घसरण कशी म्हणून. ते काय बोलले, मला माहीत नाही. डॉक्टरांची गाडी पुन्हा सुरू झाली, एकीच्या जागी दोन फेऱ्या. उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. ती या कारणानं की नेहमीची, हे कोणी सांगितलं नाही. माझा करार पुढच्या वर्षी वाढला नाही. त्याचंही कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा मी नांदगावला गेले होते. उपकेंद्राच्या आवारात मंडप टाकला होता, गावातल्या बायकांनी त्यांची ओटी भरली. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. "तुम्ही त्या दिवशी त्या घरी माझं नाव घेतलं नाही. मी सांगितलं म्हणून तुम्ही तसं लिहिलं."

"तुमी सांगतलं म्हणून नाई लिवलं," त्या म्हणाल्या. "तुमी कोन मले सांगनार? तीस वर्षं मी कोनाचं ऐकलं नाई. मी थकली होती वो. बस. थकली होती." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुमचं तुमी पाहा. माहं मले पाहू द्या."

त्यांनी मला माफ केलं, असं मी कधी कधी धरून चालते. पण त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. त्यानंतर आमचं बोलणं कमी होत गेलं. दिवाळीला एक फोन व्हायचा, तोही आता होत नाही.

त्या पोरीला पुढे मुलगी झाली. मी ऑफिसात असतानाच झाली, माझा करार संपायच्या चारेक महिने आधी. कागद आला तेव्हा आईच्या नावावरून मी ओळखलं. वजन दोन किलो एकशे साठ. मी आकडा टाकला, ओळ लाल झाली, मंगळवारच्या यादीत नाव गेलं. मी भेटींच्या नोंदी बघत राहायचे. पहिली भेट झाली, दुसरी झाली, डॉक्टरांची गाडी येऊन गेली. दर वेळी वजन थोडं चढलेलं असायचं. शेवटचा आकडा मी पाहिला तो पाच किलो दोनशेचा. त्यानंतर महिना संपला, माझा पासवर्ड बंद झाला आणि मी अकोल्याला परत आले.

आता मी जुन्या शहरातच एका खाजगी दवाखान्यात रजिस्टर सांभाळते. ती मुलगी आता शाळेत जायच्या वयाची असेल. मला तिचं गाव माहीत आहे, घर माहीत आहे. नांदगावला जाणं काही अवघड नाही. पण अजून मी गेलेले नाही.